तेरा पॉइंट चार

सकाळी ऊन ट्रेलरच्या छपरावर नीट चढलं, की ड्युएन कुचेरा मीटर घेऊन बाहेर पडायचा. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर बॅटऱ्यांची काळी पेटी होती. तिचं झाकण काढायचं, मीटरची लाल तार एका टोकाला टेकवायची, काळी दुसऱ्या टोकाला, आणि मग अख्ख्या ॲरिझोनाच्या वाळवंटाला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकायची, "तेरा पॉइंट चार! लोर्ना, तेरा पॉइंट चार! नव्या नवरीसारख्या आहेत बॅटऱ्या!"

लोर्ना त्या वेळी आत भांडी विसळत असायची. म्हणजे विसळायचा प्रयत्न करत असायची, कारण नळ सोडला की पाण्याचा पंप कण्हायला लागायचा आणि डोक्यावरचा दिवा मलूल व्हायचा. नळ बंद केला की दिवा पुन्हा टवटवीत.

"नवरी जर एवढी ठणठणीत आहे, तर नळ सोडल्यावर तिला घेरी का येते?" ती खिडकीतून विचारायची.

"पंप जुना झालाय."

"पंप गेल्याच वर्षी बसवलास तू."

"मग तो खराब निघाला. मीटर खोटं बोलत नाही, लोर्ना."

हे रोजचं झालं होतं. मीटर खोटं बोलत नसेलही, पण रोज त्याला एकच सोयीचा प्रश्न विचारला तर ते बिचारं दुसरं काय सांगणार? लोर्नाने पस्तीस वर्षं नेब्रास्कातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. तिथे एक म्हातारी भट्टी होती. रिकामी असताना तिचा काटा कसा ऐटीत उभा असायचा! आणि चिकनचे ट्रे आत सरकवले रे सरकवले, की काटा असा खाली यायचा की मुलांच्या ताटात कच्चं मांस जायची पाळी. तेव्हापासून रिकाम्या भट्टीच्या काट्यावर लोर्नाचा काडीचाही विश्वास नव्हता. पण हे नवऱ्याला सांगणार कोण? ड्युएन जन्मभर प्लंबर होता आणि कुठल्याही प्लंबरासारखं त्याला विजेतलंही सगळं कळत होतं.

तसं पाहिलं तर दिवा मलूल झाला म्हणून लोर्ना एवढी वैतागली नसती. नेब्रास्कातली थंडी चुकवायला दोघं अकरा हिवाळे या वाळवंटात येत होती. क्वार्ट्झसाइट गावाबाहेरची ही सरकारी जमीन. हवं तिथे ट्रेलर लावा, वर सूर्य, खाली खडी, वीज तुमची तुम्ही बनवा. पाण्याची तंगी, धुळीचा मारा, सगळं तिने गोड मानून घेतलं होतं. तिची अट एकच होती, आणि ती ड्युएनच्या श्वासाच्या मशीनबद्दल. झोपेत ड्युएनचा गळा मिटायचा आणि श्वास थांबायचा. एकदा नाही, रात्रभर. म्हणून डॉक्टरांनी नाकातोंडावर मुखवटा लावून हवा आत ढकलणारं मशीन दिलं होतं. "ज्या रात्री हे मशीन चालणार नाही," लोर्नाने तेव्हाच बजावलं होतं, "त्याच्या दुसऱ्या दिवशी आपण युमा शहरातल्या ट्रेलर पार्कमध्ये जाऊन तिथल्या खांबावरच्या प्लगला वायर लावणार. एकही सबब ऐकणार नाही."

ड्युएनला ते पार्क म्हणजे कोंबड्यांचं खुराडं वाटायचं. खिडकी उघडली की शेजाऱ्याच्या ताटातलं अंडं दिसतं, म्हणायचा. पण त्याने अट मान्य केली होती. आणि रोज रात्री लोर्नाच्या डोळ्यांदेखत मुखवटा चढवून तो आडवा व्हायचा. मग लोर्ना कानातली श्रवणयंत्रं काढून डबीत ठेवायची. ती काढली की तिच्या उशाशी तोफ डागली तरी तिला पत्ता लागत नसे. सकाळी ड्युएनच्या गालांवर पट्ट्यांचे लाल वळ असायचे. म्हणजे त्या आघाडीवर सगळं ठीक होतं.

ठीक नव्हतं ते ड्युएनचं डोकं.

जानेवारीपासून ते सुरू झालं. पिकअपची किल्ली साखरेच्या डब्यात सापडली. गावात पाणी भरायला गेला आणि रिकाम्या टाक्या घेऊन परत आला. एकदा गॅस सुरू ठेवून फिरायला गेला. शेजारच्या गॉर्डीला दोनदा "लायल" म्हणाला. लायल हा त्याचा भाऊ, जाऊन नऊ वर्षं झाली होती. आणि चिडचिड तर विचारू नका. ज्या माणसाने चाळीस वर्षांच्या संसारात मांजरावर आवाज चढवला नव्हता, तो आता चमचा खाली पडला तरी चमच्याला शिव्या घालायचा. दुपारी खुर्चीत बसल्याबसल्या मान टाकायचा, आणि जागा झाला की मघाचीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायचा.

ड्युएनचे वडील एमिल, त्यांचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी त्यांना शर्टाची बटणं लावता येत नव्हती. लोर्नाने स्वतः लावून दिली होती.

हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. फक्त ओमाहात राहणाऱ्या मुलीला, जनेलला, एकदा टेकाडावर जाऊन फोन केला आणि बोलून गेली. जनेलने लगेच सूत्रं हातात घेतली. शनिवारी विमानाने येते, डॅडना स्वतः बघते, सोमवारची स्मृतीच्या डॉक्टरांची वेळ मिळतेय ती पक्की करते, आणि मॉम, तो ट्रेलर आता विकायचाच. माझ्या घराजवळ एक छान जागा आहे, सगळी सोय आहे, नर्स असते. लोर्ना "हो" म्हणाली होती. टेकाडावरून खाली येताना मात्र तिला ट्रेलर दिसेना, डोळे भरून आले होते. आणि आता शनिवार तीन दिवसांवर आला होता.

बुधवारी चार वाजता नेहमीप्रमाणे खुर्च्यांचं रिंगण बसलं. हा इथला रिवाज. चार वाजले की आसपासच्या ट्रेलरमधली मंडळी आपापली घडीची खुर्ची आणि आपापला पेला घेऊन कोणाच्या तरी दारात जमतात आणि गप्पा मारतात. गप्पांचे विषय दोनच, दुखणी आणि बॅटऱ्या. त्या दिवशी बॅटऱ्यांची पाळी होती.

"तेरा पॉइंट चार," ड्युएनने घोषणा केली.

"लिथियमच्या बॅटऱ्या घे," ओरेगॉनचा हार्लन म्हणाला. हार्लनकडे जगातल्या सगळ्या प्रश्नांना हे एकच उत्तर होतं. त्याच्या गुडघेदुखीवर कोणी लिथियम सुचवलं नाही हेच नवल.

"मला नकोय तुझं लिथियम. माझ्या बॅटऱ्या फुल आहेत."

सस्कॅचवानचा गॉर्डी आतापर्यंत गप्प होता. कॅनडाचा माणूस, कोणाचं मत खोडायचं तर आधी माफी मागणारा. "माफ कर हं, ड्युएन," तो म्हणाला, "पण उन्हात छपरावरचं सोलर पॅनल चालू असताना मेलेली बॅटरीसुद्धा तेरा दाखवते. तो आकडा बॅटरीचा नाही, सूर्याचा. पॅनल तोडायचं, बॅटरीला जरा निवू द्यायचं, आणि मग लोड टाकून, म्हणजे तिच्यावर दिव्या-पंख्यांचं ओझं टाकून बघायचं, व्होल्टेज किती खाली येतं ते. लोडशिवाय म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तू मला शिकवतोस?" ड्युएन ताडकन उठला. पेला लवंडला. "मला? तुझ्या त्या बर्फातल्या गावात वीज येण्याआधीपासून मी तारा ओढतोय! ज्याला त्याला माझ्या बॅटऱ्यांचीच पंचाईत! आपापल्या पेट्यांत तोंड घाला ना!"

गॉर्डीने आपल्या बुटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "माफ कर." ड्युएन आत गेला आणि दार आपटलं. हार्लनने हळूच लोर्नाकडे बघितलं. त्या नजरेत कीव होती, आणि ती कीव लोर्नाला सगळ्यात जास्त झोंबली. बस्स झालं, ती मनाशी म्हणाली. या बॅटऱ्यांचा एकदाचा निकाल लावल्याशिवाय मी शनिवार उजाडू देणार नाही. जनेल राहायला आली, रात्री मशीन बंद पडलं, तर तिच्यासमोर तमाशा नको.

गुरुवारी ऊन चढायच्या आधीच ड्युएन टाक्या आणि कपड्यांची पिशवी घेऊन गावाला गेला. त्याचं मीटर लोर्नाने आदल्या रात्रीच उशीखाली सरकवून ठेवलं होतं. पिकअपची धूळ खाली बसते न बसते तोच ती गॉर्डीच्या दारात उभी राहिली.

"चल. लोड टाकायचाय."

"ड्युएनला विचारलंस?" गॉर्डीने दबकत विचारलं. या वाळवंटात एक अलिखित कायदा आहे. दुसऱ्याच्या बायकोशी दोन शब्द जास्त बोललात तर चालून जातं, पण न विचारता त्याच्या बॅटऱ्यांना हात लावलात तर संपलं.

"ट्रेलरच्या कागदावर माझंही नाव आहे. तू हात लावू नकोस, नुसतं तोंडाने सांग."

गॉर्डीने ते अक्षरशः पाळलं. दोन्ही हात खिशात घालून तो पेटीपासून चार हात लांब उभा राहिला आणि तिथून सूचना द्यायला लागला. पॅनलचा फ्यूज काढ. तो नाही, त्याच्या शेजारचा. आता थांबू थोडा वेळ. एखादा दिवा लावून ठेव, वरवरचा चार्ज उतरू दे. लोर्नाने दिवा लावला, कॉफी टाकली, दोघांनी प्यायली. तेवढ्यात काहीतरी शिजतंय याचा वास लागून हार्लन खुर्चीसकट हजर झाला.

"लिथि—"

"हार्लन, आज तो शब्द काढलास तर ही कॉफी तुझ्या डोक्यावर ओतीन."

हार्लन बसला.

ऊन डोक्यावर यायला लागलं तसं लोर्नाने मीटर लावलं. बारा पॉइंट पाच. "अरे, चांगल्या आहेत की!" ती म्हणाली, आणि तिला उगाच जरा ओशाळल्यासारखं झालं. बिचारा बरोबर सांगत होता आणि आपण त्याच्या पाठीमागे हे उद्योग करतोय.

"अजून काही ओझं दिलेलं नाही," गॉर्डी म्हणाला. "आता सगळे दिवे लाव. हीटरचा पंखा लाव."

तो पंखा त्यांनी अख्खा हिवाळा लावला नव्हता. रात्री नुसत्या गॅसवर जळणारी छोटी शेगडी असायची आणि फ्रिजही गॅसवर. म्हणजे या बॅटऱ्यांच्या नशिबी रात्रीचं एकच खरं काम होतं, श्वासाचं मशीन. लोर्नाने आत जाऊन बटणं दाबली आणि बाहेर येऊन मीटरच्या तारा टेकवल्या. अकरा पॉइंट नऊ. बघता बघता अकरा पॉइंट सात.

"आता मशीन लाव," गॉर्डी म्हणाला. "हवेला ओलावा देणारं त्यातलं पाणी तापवायचं बटणसुद्धा. रात्री लावता तसंच."

लोर्नाने मशीन लावलं. मुखवट्यातून फुस्स करून हवा सुटली. ती बाहेर आली तोवर आकडा अकराच्या खाली उतरला होता आणि जिन्यावरून घरंगळणाऱ्या बटाट्यासारखा घरंगळतच होता. दहा पॉइंट नऊ. दहा पॉइंट सात. मग आतून इन्व्हर्टर अशी काही किंकाळी फोडायला लागला की हार्लन खुर्चीतून उठला. दोनचार किंकाळ्या, आणि इन्व्हर्टर खटकन बंद. मुखवट्याचा फुसफुसाटही बंद.

"दोन बॅटऱ्या आहेत ना?" गॉर्डीने विचारलं. "दोन्ही वेगवेगळ्या बघ. पंखा आणि दिवे तसेच राहू दे."

सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या होत्या. पहिली, पाच पॉइंट नऊ. दुसरी, चार पॉइंट सहा. गॉर्डीने मान हलवली. "एक नवी दिसतेय, एक जुनी."

"मागच्या वर्षी एकच बदलली त्याने. म्हणाला, दुसरी चांगली आहे, ती का फेकायची?"

"जोडी एकदमच बदलायची असते, लोर्ना. म्हातारा बैल आणि तरणा बैल एका जुवाला बांधले तर शेत नांगरून होत नाही, नुसते दोघं मरतात."

लोर्ना मात्र बैलांचं ऐकत नव्हती. ती मीटरकडे बघत उभी होती आणि तिच्या मनात काहीतरी हळूहळू जुळत होतं. एक कप कॉफी प्यायला लागतो तेवढासुद्धा वेळ मशीन चाललं नव्हतं. ते तर रात्रभर चालायला हवं.

तेवढ्यात धूळ उडवत पिकअप आली. ड्युएन उतरला, उघडी पेटी बघितली, खिशात हात घातलेला गॉर्डी बघितला, आणि त्याचा चेहरा लाल झाला. "हे काय चाललंय? माझ्या पेटीला हात कोणी लावला?"

"मी," लोर्ना म्हणाली.

"तुला यातलं काय कळतं? भर उन्हात तेरा—"

"ड्युएन, काल रात्री मशीन कसं चाललं?"

"कसं म्हणजे? रोजच्यासारखं."

"आत्ता ते थोडा वेळसुद्धा चाललं नाही."

"रात्री लोड कमी असतो."

"मशीन तेच आहे. त्याचं एकट्याचं ओझंसुद्धा या बॅटरीला झेपणार नाही. मग परवा कसं चाललं? आणि त्याच्या आदल्या रात्री?"

ड्युएन टाकीतून गळणाऱ्या पाण्याकडे बघत राहिला. मग गॉर्डी म्हणाला, "माझी कॉफी उतू जात असेल," आणि हार्लनला दंडाला धरून ओढत घेऊन गेला. हार्लनची खुर्ची तिथेच राहिली.

आत आल्यावर लोर्नाने दार लावून घेतलं. "केव्हापासून?"

"लोर्ना—"

"केव्हापासून, ड्युएन?"

"नाताळानंतर." तो पलंगाच्या कडेवर बसला. "एका रात्री हा इन्व्हर्टर बोंबलायला लागला. तुला ऐकू आलं नाही. मी बंद केला. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. मग म्हटलं, जाऊ दे, मशीनच नको. तू दिवा मालवलास की मुखवटा काढून ठेवत होतो."

"आणि गालांवरचे वळ?"

ड्युएनने मान खाली घातली. "पहाटे लावायचो थोडा वेळ. घट्ट करून."

लोर्नाच्या तोंडाचा पट्टा सुटला तो थांबेना. "म्हणजे तू उजाडायच्या आधी उठून माझ्यासाठी गालावर वळ काढत बसायचास? गाढवा! तुझा श्वास थांबतो रे झोपेत! मी तुझ्याशेजारी बहिरी होऊन ढिम्म पडलेली असते, आणि तू तिथे सात आठवडे गुदमरतोयस, का, तर युमाला जायला नको! तिथे शेजाऱ्याचं अंडं दिसतं म्हणून! एका सकाळी मी उठले असते आणि तू थंडगार असतास, तर काय सांगणार होते मी जनेलला? की तेरा पॉइंट चार होते?" हातातलं फडकं तिने त्याच्या अंगावर भिरकावलं. ते त्याच्या मांडीवर पडलं आणि त्याने ते नीट घडी घालून बाजूला ठेवलं. त्यामुळे तिचा राग अजूनच भडकला. "घडी काय घालतोस! बोल काहीतरी!"

"युमासाठी नाही," ड्युएन म्हणाला.

"मग?"

"जनेल का येतेय ते मला कळलंय." त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की लोर्नाने नकळत कानातलं यंत्र बोटाने दाबलं. "मला विसरायला होतं, लोर्ना. किल्ली मीच साखरेत ठेवली, पण ठेवल्याचं आठवत नाही. गॉर्डी समोर बसलेला असतो आणि मला त्याचं नाव सापडत नाही. डॅडचं असंच सुरू झालं होतं. म्हटलं, बॅटरी गेली असं कबूल केलं तर तू युमाला नेशील, युमाहून घरी, आणि घरी गेलो की ते मला कुठेतरी ठेवतील. इथे तरी मला आंघोळीच्या पाण्यापासून गॅसच्या टाकीपर्यंत सगळं माहीत आहे. म्हटलं, एवढा एक हिवाळा पुरा करू. शेवटचा."

लोर्ना त्याच्यासमोरच्या बाकावर बसली. गेले सात आठवडे जे एकटीने उराशी धरून ती हिंडत होती, तेच हा माणूस तिच्या शेजारी पडून रात्रभर उराशी धरून जागत होता. आणि सकाळी उठून दोघं कशावर भांडायची, तर पंपावर.

जागत होता. त्या शब्दाशी ती अडखळली.

"ड्युएन," ती सावकाश म्हणाली, "रात्री झोप लागते तुला?"

"डोळा लागतो की दचकून जाग येते. पहाटेपर्यंत तेच."

"रोज?"

"रोज. का?"

लोर्नाला डॉक्टरांची ती खोली आठवली. हे मशीन दिलं त्या दिवसाची. ड्युएन कोपऱ्यात मासेमारीचं मासिक वाचत बसला होता आणि डॉक्टर जे काही सांगत होते ते नेहमीप्रमाणे तीच ऐकत होती. झोप मिळाली नाही तर माणूस विसरायला लागतो. चिडतो. बसल्याजागी डुलक्या घेतो. घरच्यांना वाटतं, याचं डोकं गेलं. असं कितीतरी घरांत होतं, म्हणाले होते. पण गालांवर रोज वळ दिसत असताना ते तिला आठवणार कसं?

"तू झोपलेला नाहीस," ती म्हणाली. "सात आठवडे झोपलेला नाहीस तू. मी तीन रात्री झोपले नाही तर तुझंसुद्धा नाव मला आठवणार नाही."

ड्युएनने मान वर केली. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. ती इतके दिवस तिला दिसत होती आणि म्हातारपण म्हणून ती सोडून देत होती. "म्हणजे डॅडसारखं नाही?"

तिला "नाही" म्हणून टाकायचा फार मोह झाला. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "असेलही, नसेलही. पण झोपल्याशिवाय ते कोणालाच कळणार नाही, ना मला, ना जनेलला, ना तिच्या डॉक्टरला. आणि पुन्हा माझ्याशी खोटं बोललास तर मी तुला युमाला नेणार नाही, इथेच खड्ड्यात पुरीन."

ती बाहेर गेली. अडीअडचणीला म्हणून ठेवलेला जनरेटर ओढून पुढे आणला आणि दोरी खेचली. तो खोकला. पुन्हा खेचली, पुन्हा खोकला. तिसऱ्या वेळी तिने मनातला सगळा संताप त्या दोरीवर काढला आणि जनरेटर धडधडायला लागला. मशीनची वायर तिने बॅटरीवरून काढून थेट त्याला लावली. मग आत येऊन पडदे ओढले.

"झोप."

"आत्ता? भर दुपारी?"

"आत्ता. आणि मुखवटा मी बांधणार."

तिने पट्ट्या बांधल्या, घट्ट नाही, बेताच्या. हवा फुसफुसायला लागली. ड्युएन काहीतरी बोलत होता, बहुतेक टाक्या उतरवायच्या राहिल्यात असं, पण वाक्य पुरं व्हायच्या आतच त्याचा हात सैल पडला. लोर्ना उशाशी बसून राहिली. यंत्रं कानातच होती. श्वास आत गेला, बाहेर आला. पुन्हा आत गेला. मध्ये खंड पडेल म्हणून ती बराच वेळ कान लावून बसली होती, पण खंड पडला नाही.

चार वाजता खुर्च्या घेऊन मंडळी दाराशी येऊ लागली. लोर्नाने ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या बाजूला मान हलवली. आली तशी सगळी बसली. जनरेटरच्या त्या धडधडाटात कोणी ओरडलं असतं तरी आत काही ऐकू गेलं नसतं, पण तरीही सगळी कुजबुजत होती. गॉर्डीने खुणेने विचारलं, उद्या गावातून जोडी आणू का? लोर्नाने मान डोलावली. हार्लनने तोंड उघडलं, तिच्याकडे बघितलं, आणि पेला तोंडाला लावला.

तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजला. टेकाडाखाली रेंज क्वचितच यायची, आज आली होती. लोर्ना उठून ट्रेलरच्या मागच्या बाजूला गेली.

"मॉम, शनिवारचं तिकीट झालं," जनेल म्हणाली. "सोमवारची वेळ आज पाचपर्यंत पक्की करायचीय. डॅड कसे आहेत?"

"झोपलाय."

"दिवसा? पुन्हा? मॉम, हेच तर मी म्हणतेय, हे—"

"पुन्हा नाही गं," लोर्ना म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. इतके दिवस टेकाडावर, पलंगावर, भांडी विसळताना आवरून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. ट्रेलरच्या पत्र्याला पाठ टेकून ती हुंदके देत राहिली. पत्र्यापलीकडे मशीन चाललं होतं आणि पाठीला त्याची बारीक थरथर लागत होती.

"मॉम? मॉम, काय झालं? बोल ना. मी वेळ पक्की करू ना?"

"तू ये," लोर्ना कशीबशी म्हणाली. "शनिवारी जरूर ये. पण वेळ घेऊ नकोस अजून. आधी त्याला झोपू दे."